वरचा तलाव फुटला तर? हा हिशेब मांडणारे विश्वेश्वरय्या

सोलापूर : पावसाळा लागला की भीमाकाठच्या गावांत सकाळी पहिला मेसेज फिरतो तो दौंडच्या विसर्गाचा. खडकवासल्यातून किती सुटलं, दौंडला किती झालं, उजनीत किती टक्के. करमाळा, माढा, पंढरपूर, मंगळवेढा, सगळीकडे हाच हिशेब. वरच्या धरणाचं पाणी खाली कधी पोचणार, हा प्रश्न आज पोराटोरांच्या मोबाईलवर असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न आकडे मांडून सोडवायला बसलेला एक इंजिनिअर होता. शिक्षण पुण्यात, नोकरी मुंबई इलाख्यात, अन् पहिलं मोठं नाव झालं ते खडकवासल्याच्याच धरणावर. त्यांचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

15 सप्टेंबरला देशभर अभियंता दिन होतो तो त्यांच्या जन्मदिवशी. फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागर बांधणारे, 1955 साली भारतरत्न मिळालेले, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण धरण फुटलं तर खालच्या माणसांचं काय होतं अन् पुराच्या गढूळ पाण्यातून प्यायचं पाणी कसं वाचवायचं, या दोन गोष्टींत त्यांची उमेदीची वर्षं गेली. ती गोष्ट आपल्या भागाच्या जास्त जवळची आहे.

जन्म कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. साल 1860 की 1861, यावर पुस्तकांत एकमत नाही. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार, पण घरात पैसा नव्हता, अन् पोरगं शाळेत असतानाच वडील गेले. बंगळुरात दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत त्यांनी 1881 ला बीए केलं. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली अन् ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला आले. आज त्याच कॉलेजाला लोक सीओईपी म्हणून ओळखतात. 1883 च्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले.

सुरुवात नाशिक, मग खानदेशात धुळं. पांझरेच्या खोऱ्यात एका नाल्यावरून पाटाचं पाणी पलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं, तेही ऐन पावसाळ्यात. नवख्या साहेबाची परीक्षाच होती ती. काम झालं. तिथून पुढे खात्यात कुठे पाण्याची अडचण आली की त्यांना पाठवायचं, असं जणू ठरूनच गेलं.

वाळूतलं पाणी

1894-95 ची गोष्ट. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीकाठच्या सक्कर गावाला नळाचं पाणी द्यायचं होतं. नदी भरून वाहायची, पण पाणी गाळानं लाल. गाळण्याचे मोठे हौद बांधावेत तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नाही.

विश्वेश्वरय्यांनी काय केलं? काठालगत नदीच्या पात्रातच विहीर उतरवली, अन् विहिरीच्या तळातून नदीखाली आडवा बोगदा काढला. वरचं पाणी वाळूच्या थरातून झिरपत बोगद्यात यायचं, तिथून विहिरीत, अन् तिथून पंपानं टेकडीवरच्या टाकीत. गाळायचं काम फुकटात वाळूनं केलं.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना यात नवल वाटणार नाही. भीमा, सीना, माण या नद्यांच्या वाळूत हातानं झिरा उकरायचा, गढूळ पाणी उपसून टाकायचं, अन् मग खालून आलेलं नितळ पाणी वाटीनं घागरीत भरायचं, हे आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान् पिढ्या केलं. सक्करमध्ये तेच झालं, फक्त शहराच्या मापानं. आता झिरा उकरायला वाळूच कुठे शिल्लक आहे? नदीतली वाळू उपसली म्हणजे फक्त बांधकामाचा माल गेला असं नसतं, गावाचं गाळणं गेलेलं असतं.

पुढे सुरतेचं पाणी, विजापूर आणि धारवाडच्या नळयोजनांचे आराखडे, आणि इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणून सांडपाण्याची कामं त्यांच्याकडे आली. 1906 साली त्यांना समुद्रापार एडनला धाडलं. तिथे लष्कराच्या तळाला प्यायचं पाणी नव्हतं अन् घाण जायला वाट नव्हती. त्यांनी पाऊस पडणारा भाग शोधला, तिथल्या नदीपात्रात विहिरी घेऊन पाणी आणायची योजना दिली. या सगळ्या कामांत एक धागा दिसतो. पाणी आणताना ते आधी बघत की घाण कुठे जातेय. पाण्याची योजना एका टेबलावर अन् गटाराची दुसऱ्या, असं त्यांच्याकडे चालत नसे.

खडकवासल्याचे दरवाजे

1899 नंतर ते पुण्यात पाटबंधाऱ्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते. खडकवासल्याचं दगडी धरण 1870 च्या दशकात बांधलेलं. त्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात सहा ते आठ फूट उंचीनं पाणी वाहून जायचं, अन् उन्हाळ्यात पुणं आणि कालवे तहानलेले. भिंत उंच करावी तर धरणावर रेटा वाढणार. फळ्या लावून पाणी अडवावं तर पुराच्या रात्री त्या काढणार कोण?

इथेच खरी गोम आहे. धरणाला धोका असतो तो नेमक्या त्या वेळी, जेव्हा मुसळधार पाऊस आहे, अंधार आहे, रस्ता बंद आहे अन् चौकीदार पोचू शकत नाही. त्या काळी धरणावर ना फोन ना वीज. म्हणून त्यांनी माणसावर न विसंबणारे लोखंडी दरवाजे आखले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत आलं की वजन आणि पाण्याचा जोर यांचा तोल फिरून दरवाजे आपोआप उघडायचे, पाणी उतरलं की आपोआप मिटायचे. जुन्या सांडव्यावर सुमारे आठ फूट पाणी यामुळे थोपवता आलं, साठा पाव हिस्स्यानं वाढला, अन् भिंतीची उंची इंचभरही वाढवावी लागली नाही. 1903 साली हे दरवाजे बसले. त्याचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. पुढे ग्वाल्हेरच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर तसलेच दरवाजे लागले. नीरेवरच्या भाटघर धरणावरही स्वयंचलित दरवाजे आहेत, अन् त्या नीरेचं पाणी उजव्या कालव्यानं माळशिरस, पंढरपूर, सांगोल्याकडे येतं.

याच काळात त्यांनी कालव्याच्या पाण्याची ब्लॉक पद्धतही आणली. तोवर कालव्याच्या तोंडाशी असलेला बागायतदार सगळं पाणी उसाला ओढायचा अन् शेपटाकडचा शेतकरी कोरडा राहायचा. वरच्याची जमीन चिबड व्हायची ते वेगळंच. ब्लॉक पाडून, पिकं ठरवून, आळीपाळीनं पाणी द्यायची ही रीत सुरुवातीला शेतकऱ्यांना रुचली नाही, पुण्यात बराच गवगवाही झाला. पुढे ती रुळली. टेलच्या शेतकऱ्याचं रडगाणं मात्र आजही कालव्याच्या प्रत्येक आवर्तनाला ऐकू येतं.

मुसी नदीची ती रात्र

1908 मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडायचं ठरवलं. त्यांच्यापुढे सेवाज्येष्ठतेत बरेच जण होते, अन् देशी माणसाला चीफ इंजिनिअरची खुर्ची मिळणं तेव्हा अवघडच. ते युरोपच्या दौऱ्यावर निघून गेले. तिथेच त्यांना हैदराबादहून निजाम सरकारची तार आली.

हैदराबाद म्हणजे काही आपल्याला परका मुलूख नव्हता. तेव्हा सोलापूरची वेस ओलांडली की थोड्याच अंतरावर निजामाचं राज्य लागायचं. तुळजापूर, नळदुर्ग सगळं तिकडेच.

तारेमागचं कारण भयंकर होतं. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीनं हैदराबाद शहर धुऊन नेलं होतं. पूल गेले, अफझलगंजचं इस्पितळ गेलं, हजारो घरं गेली. मेलेल्यांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगतात. इस्पितळाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर दीडशे माणसं चढून बसली अन् तेवढी वाचली. ते झाड लोक अजून दाखवतात.

सगळे म्हणत होते, देवाची करणी, एवढा पाऊस कधी पडलाच नव्हता. पाऊस मोठा होता हे खरं. शहराजवळच्या शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच अन् 48 तासांत जवळजवळ 19 इंच नोंद झाली. आपल्याकडे अख्ख्या पावसाळ्यात 20-22 इंच पडला तरी बरं वर्ष म्हणतात. तेवढा पाऊस दोन दिवसांत!

पण विश्वेश्वरय्या एप्रिल 1909 मध्ये हैदराबादला पोचले तेव्हा त्यांनी नुसता पाऊस मोजला नाही. ते शहर सोडून नदीच्या वरच्या अंगाला गेले. पाणलोट किती? सुमारे 860 चौरस मैल. त्यात तलाव किती? 788. म्हणजे मैलाला जवळपास एक. जुन्या राजवटींनी बांधलेले मातीचे तलाव, एकाखाली एक, माळेतल्या मण्यांसारखे. अन् त्या पावसात त्यातले फुटले किती? 221.

हा आकडा हाती आला अन् पुराचं चित्रच बदललं. मातीच्या बांधाला सर्वात वाईट म्हणजे माथ्यावरून पाणी जाणं. माथ्यावरून एकदा धार लागली की माती सुटते, खाच पडते, खाच रुंद होते अन् घटका-दोन घटकांत सगळा तलाव खाली. खालच्या तलावाचा सांडवा बांधलेला असतो तो त्याच्या स्वतःच्या ओढ्याच्या पावसापुरता. त्याच्यावर वरचा अख्खा तलाव येऊन आदळला की तो कसा टिकणार? तोही फुटतो, अन् आता दोन तलावांचं पाणी तिसऱ्यावर जातं. दोनशेवर तलाव असे गेले. आभाळातून आलेलं पाणी अन् वर्षभर साठवलेलं पाणी, दोन्ही मिळून शहरात शिरलं. नदीकाठी झोपलेल्या माणसाला वर काय चाललंय याची गंधवार्ताही नव्हती.

त्यांनी पुराच्या खुणा पाहिल्या, नदीचे छेद घेतले, अन् हिशेब काढला की शहरातून सव्वाचार लाख क्युसेक पाणी गेलं असावं. भीमेला लाखभर क्युसेक आलं की पंढरपूरचं वाळवंट दिसेनासं होतं, त्यावरून अंदाज करा. शेजारच्या प्रांतांतल्या मोठ्या पावसाच्या नोंदीही त्यांनी तपासल्या. कारण त्यांच्या लेखी खरा प्रश्न 1908 चा पूर नव्हता, त्याहून मोठा आला तर काय, हा होता. झालेल्या पुराच्या मापानं भिंत बांधायची अन् पुढच्या पुरानं ती ओलांडायची, हा खेळ त्यांना नको होता.

आज धरणफुटीचा अभ्यास कॉम्प्युटरवर होतो. धरण कुठे फुटेल, खाच किती रुंद पडेल, लाट किती वेळात कुठल्या गावात पोचेल, कुठलं घर किती फूट पाण्यात जाईल, याचे नकाशे निघतात. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानं मोठ्या धरणांना असा आपत्तीचा आराखडा करणं सक्तीचं केलंय. पण त्या कॉम्प्युटरला जे आकडे भरवावे लागतात ते तेच आहेत. पाणलोट, पाऊस, वर साठे किती, बांध कसले, खाली वस्ती कुठे. 1909 मध्ये ते कागदावर, पेन्सिलीनं अन् पायपिटीनं गोळा झाले होते.

ऑक्टोबर 1909 मध्ये त्यांनी अहवाल दिला. शहराच्या वर, मुसीवर एक अन् तिची उपनदी ईसावर एक, अशी दोन मोठी धरणं बांधा. पुराचं पाणी तिथे थोपवा अन् नदीला सोसेल तेवढंच खाली सोडा. त्याच धरणांतून शहराला प्यायचं पाणीही द्या. अन् शहराची घाण मुसीत न सोडता बंद गटारांनी बाहेर न्या, नदीकाठ मोकळा ठेवा. उस्मानसागर 1920 ला पुरा झाला, हिमायतसागर 1927 ला. हैदराबादनं पुढे कित्येक पिढ्या त्यांचं पाणी प्यायलं.

धरण बांधलं म्हणजे पाणी चोख राहिलं असं होत नाही, हेही हैदराबादनं दाखवलं. शहर वाढत तलावांपर्यंत आलं, तेव्हा 1996 साली त्या वेळच्या आंध्र सरकारला हुकूम काढावा लागला की दोन्ही तलावांच्या भोवती दहा किलोमीटरच्या आत घाण सोडणारे कारखाने अन् मोठी बांधकामं नकोत. 84 गावं त्या हुकमात आली. जमिनीला भाव मिळेना म्हणून गावकरी नाराज, पाणी नासेल म्हणून शहरातले जाणकार धास्तावलेले. 2022 साली तेलंगण सरकारनं ते निर्बंध उठवायची वाट काढली अन् भांडण पुन्हा पेटलं. खुद्द मुसी तर आज गटारासारखी वाहते. उजनीच्या काठावर राहणाऱ्यांना यातलं काही नव्यानं सांगायला नको. वरच्या शहरांचं सांडपाणी धरणात येतं, पाण्याला हिरवट रंग अन् वास येतो, अन् तेच पाणी सोलापूरच्या नळाला येतं.

म्हैसूर, अन् नंतर

नोव्हेंबर 1909 मध्ये ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, 1912 ते 1918 दिवाण होते. कृष्णराजसागर, कारखाने, बँक, विद्यापीठ, हा भाग सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून इथे लांबवत नाही. ओडिशातल्या महानदीच्या पुरांवरही त्यांनी 1930 च्या दशकात सल्ला दिला. साहेबी टोपी, कडक इस्त्री, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस अशी त्यांची ख्याती शेवटपर्यंत राहिली. लग्नसंसार टिकला नाही, मूलबाळ नव्हतं.

1960 साली देशानं त्यांची शताब्दी साजरी केली, त्यांच्या हयातीतच टपालाचं तिकीट निघालं. अन् त्यानंतर वर्षाच्या आतच पुण्यात ते घडलं.

12 जुलै 1961. खडकवासल्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण नवंच होतं. काम पुरतं संपलेलं नसताना त्यात पाणी चढलं. भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण फुटलं. सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. खडकवासल्याची जुनी भिंत काही तास तगली, तेवढ्यात पुण्यातल्या कित्येकांना घर सोडता आलं. दुपारी तीही फुटली. मुठाकाठच्या पेठा पाण्यात गेल्या.

मुसीवर घडलं होतं तेच हे, फक्त 221 तलावांच्या जागी दोन धरणं. खडकवासल्याच्या दरवाज्यांना इथे दोष देता येत नाही. ते पावसाच्या पुरासाठी होते, वरचं अख्खं धरण अंगावर येईल हे गृहीत धरून कुठलाच सांडवा बांधलेला नव्हता. पण वर नवं धरण उभं करताना, ते गेलं तर खालचं किती वेळ टिकेल, हा हिशेब 1909 च्या अहवालानंतर अर्ध्या शतकानं तरी कुणी कागदावर मांडायला हवा होता.

दुसरा फटका पूर ओसरल्यावर कळला. खडकवासलं म्हणजे पुण्याचा पाण्याचा माठ. माठच फुटला, नळ कोरडे पडले. चहूकडे पाणीच पाणी अन् प्यायला घोटभर नाही. लोक जुन्या विहिरी, आड अन् पेशव्यांच्या काळातल्या हौदांकडे वळले. पुरानंतर रोगराई पसरू नये म्हणून लस टोचणं, पाण्यात औषध टाकणं, टँकर फिरवणं, यात आठवडेच्या आठवडे गेले.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांनी याचाच लहान अनुभव घेतला. वरच्या धरणांतून एकाच वेळी पाणी सुटलं, रात्रीतून शिवारं बुडाली. पाणी उतरल्यावर विहिरी अन् बोअर गाळानं भरलेले. पुराचं पाणी शिरलेली विहीर नुसती निवळली म्हणून प्यायची नसते. ती उपसायची, गाळ काढायचा, टीसीएल पावडर टाकायची अन् पाणी तपासून मगच वापरायचं, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी हे जाणतो. बोअरचं तोंड पुराच्या पातळीच्या वर आहे का, गावची विहीर कठड्याची आहे का, हे मात्र पूर यायच्या आधी बघायचं काम आहे. संडासाच्या शोषखड्ड्याशेजारी प्यायची विहीर असली तर पूर यायचीही गरज नाही.

पानशेत फुटलं तेव्हा विश्वेश्वरय्या बंगळुरात होते. ज्या धरणावर त्यांनी तरुणपणी दरवाजे बसवले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. पुढे नऊ महिन्यांनी, एप्रिल 1962 मध्ये ते वारले. अंत्यविधी मुद्देनहळ्ळीलाच झाला, तिथे आज त्यांचं स्मारक आहे.

पानशेत आणि खडकवासला दोन्ही धरणं पुन्हा बांधली गेली. खडकवासल्याला आता 11 दरवाजे आहेत अन् ते ऑपरेटर उघडतो. त्यांतून सुटलेलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत अन् दौंडवरून उजनीत येतं. वरून किती सुटलं, याचा मेसेज तेवढा आता त्याच्या आधी गावात पोचतो.